तीस वर्षांचा कित्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित सोडवून झाले की आमच्यापैकी एकाला उभे करून विचारीत, "हे असेच का?" उत्तर बरोबर असूनही कारण सांगता आले नाही, तर पाटी पुसून पुन्हा आरंभ करावा लागे. पुढे बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी उमेदवारी केली. बाहेरून आलेल्या ड्रॉइंगबरहुकूम आम्ही पंपांचे भाग ओतीत असू. एके ठिकाणची जाडी विनाकारण अधिक आहे, असे मला वाटले. परंतु ती बदलण्याचा अधिकार तेथे कोणालाच नव्हता. त्या अनुभवामुळेच चीनच्या पहिल्या मोटार कारखान्याचा इतिहास मला जवळचा वाटतो. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडतो.

ईशान्य चीनमधील चांगचुन हे शहर १९३२ ते १९४५ या काळात जपानच्या अंकित असलेल्या मांचुकुओ राज्याची राजधानी होते. तेथे १५ जुलै १९५३ रोजी 'पहिला मोटार कारखाना' या नावाने कोनशिला बसली. तीवरील अक्षरे माओ झेडाँग यांच्या हस्ताक्षरातील होती. राव बिन हे कारखान्याचे पहिले संचालक. यंत्रे, ड्रॉइंगे आणि तज्ज्ञ सोव्हिएत संघातून आले. पाचशेहून अधिक चिनी कर्मचारी मॉस्कोच्या स्टालिन मोटार कारखान्यात शिकून आले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जियांग झेमिन हे त्यांपैकीच एक.

अवघ्या तीन वर्षांत, १३ जुलै १९५६ रोजी, पहिली मालमोटार बाहेर पडली. तिचे नाव 'जिएफांग', म्हणजे मुक्ती. चार टन माल वाहणारी ही गाडी सोव्हिएत 'झिस-१५०' या मालमोटारीची प्रतिकृती होती, आणि त्या मूळ गाडीवरही अमेरिकन धाटणीची छाप होती. वर्षाला ३०,००० गाड्या काढण्याच्या बेताने हा कारखाना उभारलेला होता. शेतीप्रधान देशाने इतक्या थोड्या अवधीत एवढे साधावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यानंतर १९५८ च्या मे महिन्यात 'डोंगफेंग' आणि ऑगस्टमध्ये 'होंगची' या मोटारींचे पहिले नमुने सिद्ध झाले. परदेशी गाडी सुटी करून, तिचे भाग पाहून, हातोडीने पत्रा ठोकून कारागिरांनी होंगची घडविली. ती राष्ट्रनेत्यांची आणि शाही पाहुण्यांची गाडी ठरली. परंतु १९८१ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर सर्व मिळून सुमारे दीड हजार गाड्याच झाल्या होत्या. देशाचा भार वाहिला तो जिएफांगने.

मात्र किरकोळ सुधारणा सोडल्यास ती गाडी तीस वर्षे तीच राहिली. कोणी म्हणेल, त्यांना नवी गाडी आखता येत नव्हती. तसे नव्हते. पाच टनांच्या नव्या मालमोटारीचा आराखडा चांगचुनच्याच अभियंत्यांनी तयार केला होता. पण हूपै प्रांतात उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या मोटार कारखान्याला तो देण्यात आला. पहिल्या कारखान्याने ठरवून दिलेली संख्या पुरी करावी, नफा सरकारी तिजोरीत भरावा, आणि जुनीच गाडी काढीत राहावे. कित्ता गिरविणाऱ्याचे अक्षर सुधारले होते; कित्ता बदलण्याची मुभा मात्र त्याला नव्हती.

१९८० नंतर गाड्यांना गिऱ्हाईक शोधण्याची वेळ आली, तेव्हा याचे फळ भोगावे लागले. दुसऱ्या कारखान्याच्या पाच टनी गाडीपुढे पेट्रोल फार खाणारी जुनी जिएफांग मागे पडली. १९८३ पासून चांगचुनने नव्या गाडीची तयारी आरंभिली, आणि तीही जुन्या गाड्यांचे काम न थांबविता. सप्टेंबर १९८६ मध्ये शेवटची जुनी गाडी बाहेर पडली, तेव्हा त्यांची एकूण संख्या १२ लाख ८० हजारांच्या घरात गेली होती. १९८७ च्या आरंभापासून नवी गाडी रीतसर निघू लागली. राव बिन यांना तो दिवस पाहावयास मिळाला. त्याच वर्षी ते निवर्तले.

कारखाना उभारावयास तीन वर्षे लागली; त्यातील पहिली गाडी बदलावयास तीस. दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. चांगचुनने मॉस्कोचे पाठ गिरविले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. दोष असलाच, तर आपल्याच माणसांना आलेली विद्या वापरू न देण्यात होता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या कारखान्यांत जातील. परक्याचे ड्रॉइंग हाती आले तर ते प्रामाणिकपणे गिरवा, पण "हे असेच का?" हे विचारावयास विसरू नका. आणि कधी काळी तुम्ही अधिकाराच्या जागी बसलात, तर हाताखालच्या मुलाने तोच प्रश्न विचारल्यास त्याला पाटी पुसू द्या. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.