आज्याची बंदूक

आमच्या घरात सांगत आले होते, की माळ्यावरची बंदूक सत्तावनच्या बंडातली. आत्या तर शपथेवर सांगायची. आज्याच्या पाठीमागं 1994 साली परवाना वडिलांच्या नावावर करायची वेळ आली, तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं परवान्याचं बुक उघडलं आणि म्हणाला, "यातला नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळवून दाखवा. नाही जुळला तर बंदूक बेकायदा." वडिलांच्या तोंडचं पाणीच पळालं. बंदुकीवर गंजाचा असा थर, की नंबर कुठंय तेच दिसेना.

गावातला लोहार मदतीला धावला. पॉलिश पेपरनं घासून आरशागत करून देतो म्हणाला. बरं झालं, वडिलांनी दिली नाही. गंजाबरोबर नंबरही गेला असता आणि आम्ही बसलो असतो खेट्या घालत. शिवाय बंदुकीच्या दुरुस्तीला कायद्यानं परवाना लागतो. पोलिसांची चिठ्ठी घेऊन पुण्यातल्या एका परवानाधारक म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो.

त्यानं आधी काही केलं नाही. नळीत पेन्सिल घालून बघितली. जाईना. "सत्तावनची?" तो हसला. "तेव्हाच्या एनफिल्डला अंगठा गेला असता. ठासणीची, तोंडातून भरायची. ही बावीसची, नळी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. पितळी काडतूस मागनं बसतं."

घोड्यामागचा तरफेसारखा दांडा त्यानं खाली ओढला, तसा आतला ठोकळा पुढून खाली झुकला. एका वेळी एकच काडतूस. ही मार्टिनीची रचना. या रचनेची मोठी बहीण मार्टिनी-हेन्री ब्रिटिश फौजेनं 1871 साली घेतली. बोअर युद्धात गोऱ्या शिपायांची नेमबाजी कच्ची ठरली, तसा लॉर्ड रॉबर्ट्सनं गावोगाव बावीसच्या नेमबाजीचे क्लब काढायचा आग्रह धरला. ही त्या सरावाच्या घराण्यातली. डुकरं हाकलायला आज्यानं ती घेतली खरी, पण बावीसच्या गोळीनं रानडुक्कर मरत नाही, नुसतं आवाजानं पळतं. आज्यालाही तेवढंच हवं होतं.

मग म्हातारा कामाला लागला. तेलात भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवली आणि सकाळी मऊ पितळी ब्रशनं हळूहळू गंज उचलला. नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. जुन्या काडतुसांच्या दारूनं नव्हे, टोपीतल्या क्षारानं ती खाल्ली होती, असं तो म्हणाला. तो क्षार ओलावा ओढतो. पूर्वी जाणती माणसं बार काढल्यावर नळी गरम पाण्यानं धूत, मग तेल लावत. आज्याला हे कुणी सांगितलं नसावं. लाकडाला त्यानं जवसाचं तेल चोळलं, तेव्हा अक्रोडाच्या रेषा वर आल्या.

दुसऱ्या दिवशी पोलादावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका उमटल्या. मी ओरडलोच, "अहो, ही तर मास्तरांच्या सायकलवरची खूण!" आमच्या शाळेच्या मास्तरांकडं जुनी विलायती बीएसए होती. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, आधी बंदुका, मग सायकली. कंपनी निघाली 1861 साली. म्हणजे बंडानंतर चार वर्षांनी!

नंबर निघाला. शेवटचा आकडा मात्र तीन की आठ, कळेना. म्हाताऱ्यानं दिवा आडवा धरला, तेव्हा डावीकडची पोकळी दिसली. तीन. बुकातही तीनच. वडील तिथंच मटकन खाली बसले.

बुकात खरेदीचं सालही होतं, 1946. घरी येऊन आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ज्या साली खिल्लारी बैलजोडी गेली, ते साल. मी सहा वर्षांची होते. बा म्हणाला, रोगानं मेली. आम्ही रडलो."

संध्याकाळी शेजारीण आली. बंदूक भिंतीला टेकवलेली होती. आत्या तिला सांगत होती, सत्तावनच्या बंडातली हाय, नीट करून आणलीय.