गेटवरची पोच



होमिओपॅथीच्या डॉक्टरने कंटेनरच्या इतिहासावर लिहावे याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याचे असे झाले. आपल्या उद्यमबागेतले एक फौंड्रीवाले झोप येत नाही म्हणून माझ्याकडे आले. कारण विचारले तेव्हा त्यांनी खिशातून एक बिल काढले. परदेशातून मागवलेल्या यंत्राचा रिकामा कंटेनर त्यांनी न्हावा-शेव्याजवळच्या डेपोत मुदतीत परत केला होता. जहाज कंपनी म्हणत होती, डबा आलेलाच नाही. आणखी तेवीस दिवसांचे डिटेन्शन भरा, तेही डॉलरच्या हिशेबाने. डबा डेपोच्या आवारात उभा होता आणि कंपनीच्या संगणकात मात्र बेळगावातच होता. हे कसे घडते ते शोधताना जो इतिहास हाती आला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूकदाराची. माल नगानगाने चढवण्यापेक्षा ट्रकवरची पेटीच उचलून जहाजावर ठेवावी, एवढीच ती होती. त्यामुळे हमालीचा खर्च कोसळला, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या परिणामाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पूर्वी जहाजवाल्याची मालमत्ता म्हणजे जहाज, आणि ते बंदरात डोळ्यांना दिसे. आता त्याच्या हजारो पेट्या परक्या गावांत, परक्यांच्या आवारात पडू लागल्या. रिकामी पेटी जिथे परत येते तो डेपोही पुष्कळदा तिसऱ्याचाच. तेव्हा कोणती पेटी कोणत्या घटकेला कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, हे कळणे धंद्याच्या जिवाचे झाले. ती घटका ठरते डेपोच्या गेटवर. डिटेन्शन तिथे थांबते, आणि पेटीला पोचा पडला असेल तर तो कुणाच्या माथी, हेही तिथेच ठरते.

गेटवरचा कारकून हे सारे वहीत लिही आणि पावती फाडून देई. याद्या मागाहून टपालाने, फोनने किंवा टेलेक्सने जात.

याद्यांना एक ठराविक साचा देण्याची युक्ती कंटेनरहूनही जुनी आहे. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत नाकेबंदीत सापडलेल्या पश्चिम बर्लिनला विमानांनी धान्य आणि कोळसा पुरवला गेला. तऱ्हतऱ्हेच्या कागदांचा गोंधळ होऊ लागला, तेव्हा अमेरिकी सैन्यातील एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालयादीचा एकच नमुना ठरवला. तो टेलेक्सवरून पाठवता येई आणि फोनवरून वाचूनही दाखवता येई. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील वाहतूक कंपन्यांनी अशा नमुन्यांसाठी समिती स्थापली, तिच्यामागेही गिल्बर्ट होते.

पण साचा एक असला तरी आकडा चुकला तर काय? यावरचा तोडगा कंटेनरच्या दारावरच रंगवलेला असतो. चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी, बहुधा चौकटीत, एक आकडा. आधीच्या प्रत्येक अक्षराला आणि आकड्याला ठरलेली किंमत आहे. त्या किमतींना अनुक्रमे १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत गुणून बेरीज करायची आणि ११ ने भागायचे. उरलेली बाकी म्हणजे तो शेवटचा आकडा. लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली की हिशेब बहुधा जुळत नाही आणि चूक उघडी पडते.

व्यापारी घराण्यातील वाचकांना इथे हुंडी आठवेल. शंभराची हुंडी लिहिताना रक्कम अंकी आणि अक्षरी लिहीतच. शिवाय निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर, असेही लिहीत. एका जागी खाडाखोड केली तरी दुसरी जागा साक्ष देई. आमच्या जैन पेढ्यांवर पोरांना अक्षर वळताच हे शिकवत. कंटेनरवरचा शेवटचा आकडा हे त्या ‘निमे’चेच काम करतो.

संगणक आले तेव्हा हा साचा जगभर एक करण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने हाती घेतले. त्यातून ‘एडिफॅक्ट’ ही संदेशांची भाषा उभी राहिली. तिचे व्याकरण १९८८ मध्ये आयएसओ ९७३५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. यातला ‘कोपार्न’ हा संदेश जहाज कंपनी डेपोला पाठवते: अमक्याला इतके रिकामे डबे द्या. ‘कोडेको’ डेपोकडून कंपनीकडे जातो: अमका डबा अमक्या वेळी आत आला. ३४ म्हणजे आत, ३६ म्हणजे बाहेर. ४ म्हणजे रिकामा, ५ म्हणजे भरलेला. हॅम्बुर्ग असो की १९८९ मध्ये सुरू झालेले आपले न्हावा-शेवा, अर्थ एकच. कारकुनाने नोंद केली की संदेश आपोआप सुटतो. पलीकडे माणूस वाचत नाही, यंत्र वाचते.

आता आमच्या फौंड्रीवाल्यांकडे येऊ. डेपोच्या कारकुनाने नंबर टंकताना दोन आकडे उलटे टाकले होते. कंपनीच्या यंत्राने शेवटचा आकडा पडताळला, चूक ओळखली आणि संदेश नाकारला. नाकारल्याची सूचनाही डेपोकडे परत गेली. म्हणजे यंत्राने आपले काम चोख केले. ती सूचना ज्या पेटीत पडली ती उघडणे मात्र कुणाच्याच कामात नव्हते. दर महिन्याचे भाडे भरून चालणाऱ्या या सगळ्या यंत्रणेतून शेवटी उपयोगी पडली ती ड्रायव्हरने पाकिटात घडी करून ठेवलेली, सर्व्हेअरच्या हातची पावती. तिच्यावर नंबर बरोबर होता. दोन महिन्यांनी बिल मागे घेतले गेले.

आमच्याकडे दिवसाअखेर प्रतिक्रमण करण्याची चाल आहे: आज कुठे चुकलो ते पाहायचे आणि कबूल करायचे. त्या डेपोत नाकारलेल्या संदेशांची यादी रोज संध्याकाळी कुणी एकाने पाहिली असती, तर एका भल्या गृहस्थाची दोन महिन्यांची झोप वाचली असती. सत्तर वर्षांत निरोप धाडण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले, ते चांगलेच झाले. चूक दाखवणेही यंत्राला शिकवता आले. ती आपली म्हणून पदरात घेणे अजून माणसाकडेच आहे.

तुमच्यापैकी ज्यांची मुलेबाळे आयात-निर्यातीत आहेत, त्यांना एवढे सांगा: गेटवरची पावती घ्या, नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत डब्याशी ताडून पाहा, आणि ती जपून ठेवा.