व्हॉल्व्हचा ‘गोडवा’ : कानाचा की मनाचा?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील काही दशकांत रेडिओतील व्हॉल्व्ह, म्हणजेच निर्वात नलिका, इतिहासजमा झाल्या. ध्वनिशौकिनांच्या दिवाणखान्यात मात्र त्यांचा मान कायम आहे. व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा आवाज अधिक ‘उबदार’ असतो, असा त्यांचा दावा. त्यात तथ्य किती?

रेकॉर्ड किंवा सीडी प्लेअरकडून आलेला संकेत वाढवून मुख्य अ‍ॅम्प्लिफायरकडे सोपविणे, हे प्रीअ‍ॅम्प्लिफायरचे काम. ते करताना प्रत्येक उपकरण मूळ स्वरात स्वतःची थोडी भर घालते. ध्वनिमुद्रण अभियंता रसेल हॅम यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या भरीचा अभ्यास आहे. स्टुडिओतील मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प्लिफायर क्षमतेबाहेर ताणला, तर ट्रायोड नलिकेत दुप्पट कंप्रतेचा आणि ट्रान्झिस्टरमध्ये तिप्पट कंप्रतेचा स्वर वरचढ ठरतो, असे त्यांना आढळले. मध्य षड्जाच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर म्हणजे तार षड्ज. तो मूळ स्वरात सहज मिसळतो. तिप्पट कंप्रतेचा स्वर म्हणजे तार सप्तकातील पंचम. तो वेगळा जाणवतो.

घरात मात्र उपकरण असे ताणले जाण्याची वेळ क्वचितच येते. सीडी प्लेअरचा संकेत फार तर २ व्होल्टच्या आसपास असतो. प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्रास आढळणारी १२एएक्स७ नलिका (युरोपातील ईसीसी८३) सामान्यतः शेकडो व्होल्टच्या पुरवठ्यावर चालते. चांगल्या आराखड्यात तिची भर इतकी अल्प राहते, की ती संगीतात लपून जाते.

तरीही फरक ऐकू आला, तर त्याची कारणे बहुधा मोजता येतात : झिजलेल्या नलिकेची खरखर, मुख्य अ‍ॅम्प्लिफायरशी विद्युत मेळ न बसल्याने क्षीण झालेला खर्ज, किंवा निर्मात्याने हेतुतः राखलेला रंग. असा रंग नलिकेविनाही आणता येतो. बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या आव्हानात आपला ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी इतका जुळविला, की संपादकांना दोहोंतील फरक ओळखता आला नाही.

खरेदीपूर्वी दोन्ही उपकरणांचा आवाज मीटरने समान करावा. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. मग कोणते उपकरण चालू आहे हे न पाहता, निदान दहा-पंधरा वेळा ऐकावे. तेव्हाही फरक अचूक सांगता आला, तर हौसेला मोल आहे. अन्यथा तो पैसा स्पीकरवर खर्चावा. तेथील फरक कोणालाही ऐकू येतो.