दोघांसाठी निवांत वीकएण्ड : पवनार, सेवाग्राम आणि वर्धा

लेखापरीक्षणाचे अखेरचे दिवस, संगणक कंपनीतील प्रकल्पाची मुदत, रुग्णालयातील सलग रात्रपाळ्या किंवा प्रबंध सादर करण्याची धावपळ! असे एखादे मोठे काम हातावेगळे झाले, की आपल्या घरात आणखी एक माणूस आपल्या प्रतीक्षेत होते याची जाणीव होते. मग घाईघाईने दोन दिवसांची सुटी काढली जाते आणि बहुधा ती चिखलदरा किंवा पचमढीच्या गर्दीत खर्ची पडते. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटर अंतरावरील वर्ध्याचा विचार अशा वेळी फारसा कुणी करीत नाही. वर्धा म्हणजे शाळेची सहल, खादी आणि प्रार्थना हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. ते अगदीच निराधार आहे असेही नाही. येथे थंड हवेचे ठिकाण नाही, बाजारपेठेची झगमग नाही, आणि जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. परंतु ज्यांना दोन दिवस काहीही करावयाचे नाही, अशा जोडप्याला एवढी सोयीची जागा विदर्भात क्वचितच सापडेल.

कामाने थकलेल्या माणसाने विश्रांतीसाठी वर्धा परिसर निवडल्याचे एक प्रसिद्ध उदाहरणही आहे. १९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती अतिश्रमाने खालावली होती. वजन ८८ पौंडांपर्यंत उतरले होते. गांधीजींनी हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह धरला, तेव्हा विनोबांनी निवडले ते जवळचेच पवनार. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा एक बंगला रिकामा होता. तेथे जाताना मोटार नदीच्या पुलावर आली असता विनोबांनी ‘संन्यस्तं मया’ असे तीनदा उच्चारून सर्व कामांची चिंता मनातून सोडून दिली. पुढे पवनारला त्यांनी काय केले, तर चिंतन आणि थोडे थोडे खोदकाम. सुरुवातीला रोज पाचच मिनिटे, मग हळूहळू अधिक. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले! विनोबा ब्रह्मचारी होते. दोघांच्या सहलीसाठी त्यांचा दाखला देणे काहींना विचित्र वाटेल. पण पुलावर काम खाली ठेवण्याची त्यांची ही रीत भ्रमणध्वनी खिशात घेऊन सहलीला निघणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. एकाने निसर्ग पाहावा आणि दुसऱ्याने कार्यालयाचे निरोप वाचावेत, अशी सहल आजकाल घरोघरी घडते. त्यापेक्षा घरी झोप काढलेली बरी.

पवनार वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, नागपूर मार्गावर आहे. टेकाडावर परंधाम आश्रम, खाली खडकांमधून वाट काढणारी धाम. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, नदीला बेताचे पाणी असते आणि काळ्या खडकांवर तासन् तास बसता येते. याच पात्रात १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. त्याची स्मारक-छत्री तेथे आहे. आश्रमात खोदकाम करताना प्राचीन मूर्ती सापडल्या, त्या भिंतींलगत मांडलेल्या दिसतात. त्यांतील भरत आणि राम यांच्या भेटीचे शिल्प आवर्जून पाहावे. १९५९ साली विनोबांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. स्वयंपाक, शेती, सफाई ही सर्व कामे तेथील भगिनी स्वतः करतात. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी येथेच देह ठेवला. हा चालता आश्रम आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तेव्हा मोठ्याने बोलणे, अंगलट करीत छायाचित्रे काढणे येथे शोभत नाही. नदीकाठ मात्र सर्वांचा आहे.

सेवाग्रामला शनिवारी दुपार उलटल्यावर पोहोचणे उत्तम. शाळांच्या सहली परतलेल्या असतात आणि झाडांच्या सावल्या लांबलेल्या असतात. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी प्रथम येथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कवेलू यांनी बांधलेल्या या कुटी आजही टिकून आहेत. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहन यांनी उठावात घडविलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरला जाणारा चिमटा आणि पेटीही जपून ठेवली आहे. तत्त्वचिंतक इव्हान इलिच १९७८ साली या कुटीत येऊन बसले होते. सुखसोयींच्या वस्तू साठवीत गेलेला माणूस त्या वस्तूंवर अवलंबून राहून दुबळा होतो, असा विचार त्यांनी येथे मांडला. वातानुकूलित कार्यालयातून आलेल्या पाहुण्याला तो पटेलच असे नाही. परंतु जमिनीवर दहा मिनिटे गप्प बसून पाहण्यास हरकत नाही.

जोडप्याने सर्वाधिक वेळ मात्र थांबावे ते बा कुटीपाशी. प्रारंभी सर्वजण ‘आदि निवास’ या एकाच वास्तूत राहत. स्वतः गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सारे एका छताखाली. येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांच्या वर्दळीत कस्तुरबांची कुचंबणा होई. ती ओळखून जमनालालजींनी त्यांच्यासाठी ही लहानशी वेगळी कुटी बांधवून दिली. देशाचे काम अंगावर घेतलेल्या नवऱ्याच्या संसारात बायकोला एक खोली मिळण्यास एवढा अवधी लागला, आणि ती सुचली ती दुसऱ्याच कुणाला! ऑगस्ट १९४२ मध्ये दोघेही मुंबईला गेले, तेथे अटक झाली आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे निधन झाले. या कुटीत त्या पुन्हा आल्याच नाहीत. काम थोर असले तरी त्याची किंमत घरातले कोण मोजते, हा प्रश्न या दोन वास्तूंमधील थोड्याशा अंतरात उभा आहे. कामावरून परतलेल्या दोघांनी त्यावर तेथेच बोलावे. घरी तो विषय भांडणाच्या सुरात निघतो.

सायंकाळची प्रार्थना उघड्या अंगणात होते. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ जवळच आहे. श्रद्धा असो वा नसो, दिवस मावळताना शांत बसण्याचा तो अनुभव चुकवू नये.

वर्धा शहरासाठी रविवारचा पूर्वार्ध पुरे. गोपुरी परिसरातील गीताई मंदिर १९८० साली उभे राहिले. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. उभ्या शिळांवर ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेले आहेत. शेजारीच विश्वशांती स्तूप आहे. मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. चरख्यांचे इतके प्रकार एकत्र पाहण्यास मिळणे दुर्मीळ, आणि खादीची खरेदीही होते. १९२८ साली जमनालालजींनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केलेले लक्ष्मीनारायण मंदिर शहरातच आहे. परतताना गोरसपाक घेतल्यावाचून वर्धा सोडण्याची प्रथा नाही. गाईच्या तुपातील ही खुसखुशीत बिस्किटे प्रवासात संपतात, म्हणून दोन पुडे घ्यावेत.

ज्यांना जंगलाची ओढ आहे त्यांनी सेलू तालुक्यातील बोर गाठावे. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या बोरचे मूळ क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर. देशातील अगदी लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. वाघ दिसेलच असे नाही. धरणाचा जलाशय, सागवान आणि बांबूचे वन व पक्षी मात्र हमखास भेटतात. पण पहाटेची सफारी म्हणजे पुन्हा गजराचे घड्याळ! दोनच दिवस हाती असतील तर सेवाग्राम-पवनार किंवा बोर यांपैकी एकच निवडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कसे जाल, कोठे राहाल?

मुंबई-हावडा मार्गावरील अनेक गाड्या वर्धा स्थानकावर, तर दिल्ली-चेन्नई मार्गावरील गाड्या सेवाग्राम (पूर्वीचे वर्धा पूर्व) स्थानकावर थांबतात. तिकिटावरील स्थानकाचे नाव नीट पाहावे. दोन्ही स्थानके निराळी आहेत. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. सेवाग्रामला आश्रमाजवळ यात्री निवास आहे, मात्र तेथील साधेपणा मनापासून आवडणाऱ्यांनीच तो निवडावा. इतरांसाठी वर्धा शहरात हॉटेले आहेत. दोघांचीही ओळखपत्रे जवळ असावीत. सज्ञान अविवाहित जोडप्याने एकत्र खोली घेण्यास कायद्याने बंदी नाही, तथापि प्रत्येक निवासाचे आपले नियम असतात. ते दूरध्वनीवरून आधीच विचारून घेतलेले बरे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मार्चअखेरीचे काम संपवून येणाऱ्यांनी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात यावे आणि दुपारी बारा ते चार खोलीबाहेर पडू नये.