शिक्का आधी, गुन्हा नंतर

गावात चोरी झाली की पहिले बोट कोणाकडे वळते? गावकुसाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या पारध्याकडे. पुरावा मागाहून शोधला जातो. संशय मात्र आधीच तयार असतो. तो आला कोठून, हे जाणण्यासाठी आम्हांस इतिहासाची काही पाने उलटावी लागतात.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. प्रथम उत्तर हिंदुस्थानात आलेला हा कायदा १९११ नंतर देशभर लागू करता येऊ लागला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागील तर्क. सरकारने जमात जाहीर केली की माणसांची नोंद होई, हजेरी लागे. परवान्यावाचून हद्द ओलांडणे हाच गुन्हा ठरे. या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद नव्हती.

आता याचा परिणाम पाहा. भटकंती हेच ज्याच्या पोटाचे साधन, त्याची भटकंती बंद झाली. १८७८ च्या वन कायद्याने शिकाऱ्याचे रानही आखडले. शिक्का पाहून काम कोणी देईना. मग भुकेने एखाद्याने हात मारला, की सरकार म्हणे, “पाहा, आम्ही सांगत होतो ते खरेच!” शिक्क्यानेच गुन्हा घडवायचा आणि गुन्ह्यानेच शिक्का खरा ठरवायचा, असे हे दुष्टचक्र होते. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच सूत्ररूपाने मांडले: विचलन हे कृत्यात नसते, समाज त्यास जे नाव देतो त्यात असते.

येथे आम्हां ख्रिस्ती जनांना थोडे अंतर्मुख व्हावे लागेल. सोलापूरला तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ उभी राहिली. उत्तरेत १९०८ पासून अशा वसाहती मुक्तिफौजेने चालविल्या. शाळा, उद्योग, औषधपाणी यांचा सद्भाव त्यांत होता, हे नाकारता येत नाही. परंतु ज्याला सुधारायचे तो जन्मतः पापी, हे गृहीत धरूनच ती सेवा चालली. करुणेच्या हातातही कुंपणाची किल्ली असू शकते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून जुनी नजर जिवंत राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली ती वेदना मराठी वाचकांच्या दारात आणून ठेवली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. म्हणजे कायदा मेल्यानंतर सात दशकांनीही त्याच्या वळणाचे शब्द सरकारी कागदांवर उरले होते.

जक्कयास सारे गाव पापी म्हणून ओळखत होते. प्रभूने त्यास नावाने हाक मारली आणि त्याच्याच घरी मुक्काम केला. बदल त्यानंतर घडला, आधी नव्हे. कायद्यातील शिक्का संसदेने पुसला. आपल्या ओटीवरील बोलण्यातला पुसणे मात्र आपल्याच हाती आहे. पुढल्या वेळी गावात चोरी झाली, तर बोट उचलण्यापूर्वी एवढे स्मरावे, हीच आमची विनंती.