घरगुती विद्युत दोष

घरगुती विद्युत दोष म्हणजे घरातील वीजजोडणीत विद्युत प्रवाहाने ठरलेला मार्ग सोडणे, तारेच्या क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहणे किंवा प्रवाहाचा मार्ग खंडित होणे. अतिभार, लघुपरिपथन, सैल जोड, भूगळती आणि तटस्थ तार तुटणे हे या दोषांचे प्रमुख प्रकार होत. त्यांतून आग व विजेचा धक्का असे दोन धोके उद्भवतात आणि या दोहोंवरील संरक्षक साधने वेगवेगळी आहेत. वितळतार व एमसीबी ही साधने मुख्यतः तारांचे रक्षण करतात. माणसाचे रक्षण भूसंपर्कन आणि आरसीसीबी यांच्यामुळे होते.

वीजजोडणीची रचना

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्झ वारंवारतेचा असतो. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक विजयुक्त असते. व्यवहारात तिला ‘फेज’ म्हणतात. दुसरी तटस्थ तार ‘न्यूट्रल’ या नावाने ओळखली जाते. तिसरी भूसंपर्क तार, म्हणजेच ‘अर्थिंग’, उपकरणांच्या धातूच्या आवरणापासून जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळीपर्यंत किंवा पट्टीपर्यंत नेलेली असते. दोष नसताना तिच्यातून प्रवाह वाहत नाही.

तटस्थ तार रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे जमिनीवर उभ्या असलेल्या व्यक्तीचा विजयुक्त तारेस स्पर्श झाल्यास तिच्या शरीरातून व जमिनीतून परिपथ पूर्ण होतो आणि धक्का बसतो.

भारतीय पद्धतीत विजयुक्त तार लाल, पिवळी किंवा निळी, तटस्थ तार काळी आणि भूसंपर्क तार हिरवी असते. अनेक उपकरणांच्या वायरीत मात्र तपकिरी तार विजयुक्त, निळी तटस्थ आणि हिरवी-पिवळी भूसंपर्काची असते. निळ्या रंगाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा असल्याने जोडणी करताना चूक होण्याचा संभव असतो. तीन पिनांच्या प्लगमधील भूसंपर्काची पिन इतरांपेक्षा लांब व जाड असते. लांबीमुळे तिचा संपर्क सर्वांत आधी होतो व सर्वांत शेवटी तुटतो. जाडीमुळे ती अन्य छिद्रांत शिरत नाही.

दोषांचे प्रकार

अतिभार : एकाच परिपथावर अनेक उपकरणे चालविल्यास तारेतील प्रवाह वाढतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पीव्हीसी आवरणाच्या सामान्य तारेसाठी ७० अंश सेल्सिअस ही सततच्या वापराची तापमानमर्यादा आहे. ती वारंवार ओलांडल्यास आवरण कडक होऊन तडकते.

लघुपरिपथन : विजयुक्त व तटस्थ तारा उघड्या पडून एकमेकींस चिकटल्यास रोध अत्यल्प होतो व प्रवाह क्षणात शेकडो अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. हा दोष ठळक असल्याने एमसीबी तो तात्काळ ओळखतो.

सैल जोड : हा दोष सहसा लक्षात येत नाही. २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या सॉकेटमधील सैल स्क्रूपाशी अर्धा ओहम रोध निर्माण झाल्यास त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते. डाखकामाच्या लहान इस्त्रीची उष्णता साधारण एवढीच असते. प्रवाह मर्यादेतच राहिल्याने एमसीबी बंद पडत नाही. प्लग गरम लागणे, सॉकेट काळवंडणे, बटणातून तडतड आवाज येणे व जळका वास ही याची लक्षणे होत.

भूगळती : आवरण झिजून विजयुक्त तार उपकरणाच्या धातूस किंवा ओल्या भिंतीस टेकली की प्रवाह जमिनीकडे गळतो. फ्रिज, वॉशिंग मशीन वा नळ यांना हात लावताच झिणझिण्या येणे ही याची पूर्वसूचना असते. चपला घालून किंवा लाकडी पाटावर उभे राहून अशी उपकरणे वापरणे हा यावरील उपाय नव्हे. महाराष्ट्रात पावसाळ्यात भिंती ओलावतात. अशा वेळी पत्र्याची घरे आणि कपडे वाळत घालण्यासाठी बांधलेल्या लोखंडी तारा यांच्याजवळून वीजतार गेली असल्यास हा धोका वाढतो.

तटस्थ तार तुटणे : घराची तटस्थ तार तुटल्यास उपकरणे बंद पडतात, परंतु त्यांतील वीज नाहीशी होत नाही. एखादे उपकरण चालू स्थितीत असेल तर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो. त्रिकला पुरवठ्याची सामाईक तटस्थ तार तुटल्यास काही घरांतील दाब ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतो. काही दिवे अतिप्रखर व काही मंद होणे हे याचे लक्षण आहे. अशा वेळी मेन स्विच त्वरित बंद करणे आवश्यक असते.

शरीरावरील परिणाम व संरक्षक साधने

सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह शरीरास जाणवतो. सुमारे १० मिलिअँपिअरपासून स्नायू आखडून पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. त्याहून काही पटींनी अधिक प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरल्यास २३० व्होल्ट दाबाने ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ६० वॅटचा जुना बल्ब याहून थोडा अधिक प्रवाह घेतो. म्हणूनच प्राणघातक धक्का बसत असतानाही ६ अँपिअरचा एमसीबी बंद पडत नाही.

केवळ भूसंपर्कनही नेहमी पुरेसे नसते. दोषमार्गाचा एकूण रोध २० ओहम असल्यास ११.५ अँपिअर प्रवाह वाहतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने बंद पडत नाही आणि उपकरणाचे आवरण विजयुक्तच राहते. आरसीसीबी हे साधन विजयुक्त तारेतून जाणाऱ्या व तटस्थ तारेतून परतणाऱ्या प्रवाहांची तुलना करते आणि दोहोंत ठरावीक फरक आढळताच पुरवठा तोडते. व्यक्तीच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचे साधन वापरतात. बोलीभाषेत त्यास ‘ईएलसीबी’ असेही म्हणतात. मात्र विजयुक्त व तटस्थ या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास ते संरक्षण देईलच असे नाही. साधनावरील चाचणीची कळ दाबल्याने ते साधन कार्यरत आहे एवढेच कळते. घराचे भूसंपर्कन ठीक असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

चुकीच्या प्रथा

वितळतार वारंवार वितळते म्हणून तिच्या जागी तांब्याची जाड तार बांधणे, तसेच एमसीबी सारखा पडतो म्हणून अधिक अँपिअरचा बसविणे, यामुळे संरक्षण नष्ट होते व घरातील तारच वितळतारेचे काम करू लागते. सॉकेटमध्ये भूसंपर्काची पिन तटस्थ तारेस जोडणे ही त्याहून घातक प्रथा आहे. तटस्थ तार तुटताच उपकरणाच्या आवरणात पूर्ण दाबाची वीज येते. बटण विजयुक्त तारेऐवजी तटस्थ तारेवर बसविल्यास दिवा विझलेला दिसतो, पण होल्डर विजयुक्त राहतो. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा अंधुक जळत राहणे हे या चुकीचे एक लक्षण असू शकते.

मानके व नियम

भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७३२ हे मानक वायरिंगसाठी, आयएस ३०४३ भूसंपर्कनासाठी आणि आयएस ६९४ पीव्हीसी तारांसाठी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेणे अपेक्षित असते.

अपघातप्रसंगी

विजेस चिकटलेल्या व्यक्तीस थेट स्पर्श करू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी. श्वास व नाडी बंद असल्यास सीपीआर सुरू करून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. व्यक्ती सावध दिसत असली तरी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण आतील इजा बाहेरून दिसत नाही. विजेमुळे लागलेल्या आगीवर, पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत, पाणी टाकू नये.