टॅली अपग्रेड केल्यापासून रिपोर्ट स्लो झालेत? आधी दोष कुठे आहे ते शोधा

टॅली ईआरपी ९ वरून टॅली प्राइमवर आलात, किंवा प्राइमचंच नवं रिलीज टाकलंत, आणि आता बॅलन्स शीट उघडायला गेलं की स्क्रीन थिजून बसते. एरवी चालून जातं. पण महिन्याच्या १० तारखेला असं झालं तर पंचाईत होते, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची आणि ३बी ची २० तारखेची असते. ३बी उशिरा गेला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. आणि घरातला किंवा दुकानातला 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' म्हणून हाक तुम्हालाच येते.

अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी रिपेअर मारतात. ते करू नका. रिपेअर हे बिघडलेल्या डेटासाठी आहे, वेग वाढवण्यासाठी नाही. मध्येच लाइट गेली तर आहे तो डेटाही अडचणीत येऊ शकतो. आधी ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, तोही पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर. त्याच डिस्कवर घेतलेला बॅकअप डिस्क गेली की सोबतच जातो.

आता फोनचं स्टॉपवॉच काढा. बॅलन्स शीट, डे बुक आणि एखादं मोठं लेजर, तिन्ही उघडायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. 'खूप स्लो आहे' यावरून काहीच शोधता येत नाही.

डे बुक पटकन येतं पण बॅलन्स शीट अडकते, असं असेल तर संशय स्टॉकवर घ्या. बॅलन्स शीटमध्ये क्लोजिंग स्टॉकची किंमत येते आणि ती काढायला टॅलीला खरेदी-विक्रीच्या नोंदी तपासत जावं लागतं. हजारो आयटम असलेल्या हार्डवेअरच्या किंवा औषधांच्या दुकानात हे काम मोठंच असतं. इतर रिपोर्टही अडकत असतील तर ऑल्ट आणि एफ२ दाबून कालावधी एक महिन्याचा करून बघा. लगेच फरक पडला तर प्रश्न डेटाच्या आकाराचा आहे.

सगळेच रिपोर्ट रखडत असतील तर पुढची चाचणी सगळ्यात कामाची. सगळ्या मशीनवर टॅली बंद करा. डेटा जिथे आहे तिथलं कंपनीचं फोल्डर (नाव १०००० असं आकड्यात असतं) कॉपी करून तुमच्या मशीनच्या सी किंवा डी ड्राइव्हवर ठेवा आणि टॅलीमध्ये कंपनी निवडताना त्या जागेचा पाथ द्या. पुन्हा वेळ मोजा. फक्त बघायचं, या कॉपीत एकही एंट्री करायची नाही, आणि काम झालं की ती काढून टाकायची. नाहीतर कुणीतरी उद्याची बिलं तिच्यात टाकतं आणि दोन डेटा जुळवत बसायची वेळ येते.

कॉपी झपाट्याने चालली तर दोष टॅलीचा नाही, वाटेत आहे. मल्टियूजरमध्ये रिपोर्टचा हिशोब तुमच्या मशीनवर होतो, पण त्यासाठी लागणाऱ्या फाइल नेटवर्कवरून ओढून आणाव्या लागतात. लॅपटॉप वायफायवर असेल तर आधी केबल लावून बघा. जुना दहा-वीस रुपयांचा वाकलेला कनेक्टरही पुरेसा गुन्हेगार असतो.

कॉपीही रखडली तर अँटिव्हायरसकडे वळा. अपग्रेडनंतर हमखास विसरली जाणारी गोष्ट हीच. पूर्वी कुणीतरी टॅली ईआरपी ९ चं फोल्डर 'हे तपासू नको' या यादीत टाकलेलं असतं. प्राइम वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल होतं आणि यादीत पाथ जुनाच राहतो. मग टॅलीने फाइल उघडली की अँटिव्हायरस ती तपासत बसतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये एक्सक्लूजन्समध्ये जाऊन नव्या टॅलीचं आणि डेटाचं फोल्डर घाला. अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका.

त्यानंतर टीडीएल. बिलावर लोगो, वेगळा प्रिंट फॉरमॅट, खास रिपोर्ट यासाठी कुणाकडून तरी करून घेतलेले हे छोटे प्रोग्रॅम बरेचदा ईआरपी ९ च्या काळातले असतात. एफ१ मधून टीडीएल अँड अ‍ॅड-ऑन उघडा, एफ४ दाबा, सुरू होताना टीडीएल लोड करायचा पर्याय 'नो' करा आणि टॅली पुन्हा चालू करा. वेग परत आला तर टीडीएल एकेक करून लावत जा, चोर सापडेल. तो लिहिणाऱ्याकडून नव्या रिलीजसाठी तपासून घ्यावा लागेल.

हे सगळं करूनही फरक नाही आणि डेटा अनेक वर्षांचा आहे, तर स्प्लिटचा विचार करा. आधी व्हेरिफाय करून चुका काढायच्या, मगच स्प्लिट. मात्र दरवर्षी सवयीने स्प्लिट करण्यात काही अर्थ नाही. दोन वर्षांची तुलना किंवा जुन्या पार्टीची थकबाकी बघायला मग सारखी कंपनी बदलावी लागते.

ओडूसारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर गोष्ट वेगळी. त्याच्या मागे पोस्टग्रेस डेटाबेस असतो. कुठल्या टेबलमध्ये साधारण किती आणि कसा डेटा आहे याचा अंदाज पोस्टग्रेस जवळ बाळगतो आणि त्यावरून रिपोर्टसाठी जवळचा रस्ता निवडतो. पीजी_अपग्रेडने डेटाबेसचं व्हर्जन बदललं की आवृत्ती १७ पर्यंत हे अंदाज नव्या ठिकाणी येतच नाहीत, आवृत्ती १८ पासून बहुतांश येतात. म्हणजे डेटा तोच, पण रस्ता माहीत नसलेला ड्रायव्हर. सर्व्हर सांभाळणाऱ्याला अपग्रेडनंतर 'अ‍ॅनालाइझ' चालवलं का, एवढंच विचारा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

तरीही अडलं आणि सपोर्टला फोन करायची वेळ आली, तर टॅलीचं रिलीज नंबर, डेटा फोल्डरचा आकार, स्टॉपवॉचचे आकडे आणि लोकल कॉपीवर किती वेळ लागला हे आधीच सांगा. नाहीतर तिकडून पहिलाच सल्ला येईल, 'रिपेअर मारून बघा.'